कालव्यावरचा साहेब

ओझरचे नाव निघाले की १९६४ साली तेथे आलेला विमान कारखाना आठवतो. सरकारी संस्थांच्या नेतृत्वाचा विचार करताना मात्र त्याच गावच्या पाटाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. कागदोपत्री लाभक्षेत्रात, प्रत्यक्षात तहानलेले. पाणी केव्हा सुटणार हे साहेबाने ठरवावे आणि शेतकऱ्याने अर्ज करून वाट पाहावी, हा पाटबंधारे खात्याचा खाक्या. अधिकारी नालायक होते असे नव्हे. त्यांना जाब वरचे विचारीत, पाण्याचे धनी विचारू शकत नसत. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०च्या सुमारास येथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. खात्याने पाणी मोजून संस्थेच्या हवाली करायचे. वाटप आणि वसुली संस्थेची, पिकाची निवड शेतकऱ्याची. धरण व कालवा होते तेच राहिले, पण शेपटाला पाणी पोचू लागले. ओढ्यानाल्यांत सोडलेल्या पाण्याने विहिरीही भरल्या.

२००५ साली राज्याने कायदा करून ही पद्धत सर्वत्र नेण्याचे ठरविले. संस्था काढण्याचे काम आले ते पुन्हा खात्याकडेच! ज्याची सत्ता कमी व्हायची त्यानेच हुकूम काढून लोकांना सत्ताधारी करायचे. अशा कित्येक संस्था नोंदणीच्या पुढे गेल्या नाहीत. आपल्या तालुक्यातील संस्थेची सभा शेवटची केव्हा भरली आणि पाण्याची मोजपट्टी जाग्यावर आहे काय, एवढे तरी कार्यकर्त्यांनी कालव्यावर जाऊन पाहावे.