कोऱ्या कागदावरचा शिक्का

आपल्याकडे डोंगर कापला, तळे बुजवले किंवा रस्त्यावर कंबरभर पाणी आले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास छापून येते. "संबंधित खाती आणि लोकप्रतिनिधी यांच्यात समन्वयाचा अभाव." वाचणारा मान डोलावतो, समिती नेमली जाते, चहा-बिस्किटे होतात आणि पुढच्या पावसात तेच वाक्य पुन्हा छापले जाते.

वाचकहो, मी सरकारी कारकून आहे. फाईल कुठून कुठे जाते, मध्येच ती कुणाच्या टेबलावर झोपते आणि कुणाचा फोन आला की उठून धावायला लागते, हे बघण्यात वीसेक वर्षे गेली. त्या जोरावर सांगतो की नियोजन खाते आणि लोकप्रतिनिधी यांच्यात समन्वय भरपूर आहे. फक्त तो भलत्या पायरीवर आहे. आराखडा ठरवताना, भर सभेत, सगळ्यांदेखत जो व्हायला हवा तो होत नाही. तो होतो नंतर, बंद दाराआड, एकेका सर्व्हे नंबरापुरता.

हे पटवून देण्यासाठी आज तुम्हाला बीदरला नेणार आहे. गोव्याच्या माणसाला बीदर कशाला, असे कुणी विचारील. पहिले कारण म्हणजे आपला जुना संबंध. १४७२ साली गोवा बहमनी राज्याला जोडला तो महमूद गावान या वजिराने, आणि त्याच साली बीदरमध्ये त्याचा तो प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. दुसरे कारण भाषेचे. बीदर जिल्ह्यात भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत आजही कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाचा हा तुकडा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून घरातली बोली काही बदलली नाही. आणि तिसरे कारण दगडाचे. बीदरचे पठार जांभ्याचे आहे. आपल्या सड्यांचा आणि घराच्या चिऱ्यांचा तो सख्खा भाऊ.

या जांभ्याच्या पोटात बहमनी काळातल्या लोकांनी एक नवल करून ठेवले. त्याला करेझ म्हणतात. विद्या इराणची. पठारावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो आणि खालच्या घट्ट थरावर अडतो. तिथे भुयार खणायचे, त्याला अगदी बेताचा उतार द्यायचा, आणि ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडायच्या, हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून. मोट नको, पंप नको, पाणी आपल्या पायांनी चालत येते. बीदरमध्ये अशा तीन व्यवस्थांची नोंद झालेली आहे, नौबादचा करेझ, शुक्लतीर्थाचा करेझ आणि शहराच्या पोटातून जाणारी जमना मोरी. केरळमधील भूगोलाचे प्राध्यापक वलियिल गोविंदनकुट्टी यांनी गेल्या दशकात त्यांचा अभ्यास केला, जिल्हा प्रशासनाने नौबादच्या भुयारातला गाळ उपसायला घेतला, आणि विसरलेली गोष्ट पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आली. त्याआधीच, २०१४च्या यादीत, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने बीदर शहराला जपायला हव्या अशा जागांमध्ये घातले होते.

आता खरा प्रश्न. भुयार जमिनीखाली आणि जमिनीवर प्लॉट. शहर वाढले, २०११च्या जनगणनेत बीदरची वस्ती २ लाख १६ हजारांवर गेली आणि वस्ती पठारावर पसरली. उभ्या विहिरींपैकी काही बुजल्या, काहींच्या भोवती बांधकामे आली. विहीर बुजवणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, माझ्या सातबाऱ्यात भुयार कुठे आहे? आणि तो खोटे बोलत नाही. कागदावर भुयार कुठेच नव्हते.

कागद कुणाचे, ते बघू या. बीदर नगरविकास प्राधिकरण महायोजना करते आणि लेआउट मंजूर करते. त्याचा अध्यक्ष राज्य सरकार नेमते, आणि अशा प्राधिकरणांवर स्थानिक आमदार सदस्य असतात. शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी जिल्हाधिकारी देतात, १९६४च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली. नळ, गटार, घरपट्टी पालिकेकडे. शहराबाहेरची वाडी ग्रामपंचायतीकडे. किल्ला आणि मदरसा पुरातत्त्व खात्याकडे, संरक्षित वास्तूपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. पण भुयार या सगळ्यांच्या हद्दीखालून वाहते. प्रत्येक कार्यालयाने आपापल्या चौकटीत बरोबर शिक्का मारला तरी विहीर बुजू शकते. त्यासाठी कुणी लबाड असायची गरज नाही. लबाड असलाच तर काम लवकर होते, इतकेच.

अशा वेळी सगळे कागद एका टेबलावर कुणी आणायचे? राज्यघटनेने याचे उत्तर दिलेले आहे. १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३पासून अमलात आली. तिच्या बाराव्या परिशिष्टात पालिकांसाठी १८ विषय दिले आहेत आणि त्यातला पहिलाच विषय नगरनियोजन, दुसरा जमिनीचा वापर आणि बांधकाम यांचे नियमन. शिवाय कलम २४३-झेडडीप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती हवी आणि तिचे निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत आणि पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेले हवेत. गावाचा आणि शहराचा आराखडा एकत्र बसवायची जागा हीच. पाणी, जमीन, रस्ता यांचा मेळ घालणे हे तर तिचे घटनेत लिहिलेले काम.

प्रत्यक्षात काय? कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची निवडणूक २०१६ साली झाली. २०२१मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर निदान चार वर्षे निवडणूकच झाली नाही. ज्या सभागृहाने सदस्य पाठवायचे ते सभागृहच रिकामे, तर समिती कसली आणि नियोजन कसले? आणि महाराष्ट्रानेही हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे देशातली सगळ्यात श्रीमंत पालिका प्रशासकाच्या सहीवर चालली.

सभागृह रिकामे असते म्हणजे राजकारण थांबते असे नाही. ते चौकातून उठून केबिनमध्ये जाते. कर्नाटकाच्या १९६१च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १४-अ आहे. महायोजना मंजूर झाल्यावरही नकाशातील चुका किंवा बदललेली परिस्थिती या कारणाने जमिनीचा वापर बदलता येतो. लोकहित असावे, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकती मागवाव्यात, सरकारची मंजुरी घ्यावी, असे सगळे त्यात लिहिले आहे. पण मंडळी, आतल्या पानावरची बोटभर जाहिरात कोण वाचतो? आणि औरादच्या मराठी शेतकऱ्यापर्यंत तिचा अर्थ कोण पोचवतो? ज्याला जमीन विकायची आहे तो वाचतो. ज्याच्या विहिरीचे पाणी जाणार आहे त्याला पाणी गेल्यावर कळते.

मग एक दिवस चुका इतक्या साठतात की सरकार स्वतःच हात टेकते. अनधिकृत ते अधिकृत करायला कर्नाटकाने 'अक्रम-सक्रम' योजना आणली, तिचे नियम २०१४ साली निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये तिला स्थगिती दिली. २०२५मध्ये राज्यभरच्या पालिकांत अनधिकृत मालमत्तांना 'बी-खाता' द्यायची मोहीम निघाली. कर येऊ लागेल, गरिबाच्या हाती काहीतरी कागद येईल, हे मान्य. आयुष्याची पुंजी घालून अडकलेल्या माणसाला रस्त्यावर काढा असे मी म्हणणार नाही. पण आधी आराखडा मोडू द्यायचा आणि मग मोडलेल्याची नोंदवही ठेवायची, याला नियोजन म्हणायचे का?

आता बीदरला नावे ठेवून आपण सुटणार नाही. आपल्या अंगणात बघा. २०११चा प्रादेशिक आराखडा ऑगस्ट २००६मध्ये अधिसूचित झाला आणि गोवा बचाव अभियानाच्या रेट्यामुळे जानेवारी २००७मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. मग चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले, २०२१च्या आराखड्याचे नकाशे गावोगाव पाठवले गेले, ग्रामसभांत लोक आपापल्या वाड्याचा नकाशा पसरून भांडले. त्यात चुका होत्या, हेवेदावेही होते. पण कुणाचे भाट कुठल्या रंगात गेले हे शेजाऱ्याला दिसत होते. २०१२मध्ये तो आराखडा बासनात गेला, २०१८मध्ये पुन्हा बाहेर आला, आणि त्यानंतर कलमांची रांग लागली. २०१८चे १६-ब, २०२३चे १७(२), २०२४चे ३९-अ. १७(२)चे शब्द तर वाचण्यासारखे. आराखड्यात 'अनवधानाने' राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी म्हणे! अर्ज करायचा मालकाने, आणि हरकत घ्यायला गावाला जागाच नाही. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. आमच्या नगरनियोजन मंडळाचा अध्यक्ष कोण? खात्याचा मंत्रीच. म्हणजे समन्वयाची कमतरता आहे असे म्हणायलाही सोय नाही. दोघे एकाच खुर्चीत बसलेले आहेत!

यावर काही सुशिक्षित मंडळींचा तोडगा ठरलेला असतो. "राजकारण्यांना यातून बाहेर काढा, तज्ज्ञांच्या हाती द्या." मला हे मान्य नाही. बीदरचे भुयार सरकारी नकाशात नव्हते तेव्हा नकाशे तज्ज्ञांनीच काढलेले होते. खाजनाचा बांध फुटला तर मानशीची फळी कधी उघडायची हे नगररचनाकाराला विचारून कळणार नाही, ते वाड्यावरच्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. जमिनीचे काय करायचे हा शेवटी कुणाला काय मिळावे याचा प्रश्न आहे, आणि तो निवडून दिलेल्या माणसांनीच सोडवायला हवा. त्यांनी तो एकदा आणि उघड्यावर सोडवावा, एवढीच माझी मागणी आहे.

म्हणून कारकुनी भाषेत चार कलमे लिहितो.

एक. आराखडा सभागृहात नावानिशी मतदान घेऊन मंजूर व्हावा. कुठल्या टेकडीला कुणी हात वर केला हे इतिवृत्तात राहू द्या.

दोन. रंग भरण्याआधी पाणी काढा. बीदरला करेझ आणि त्याच्या विहिरी, आपल्याला झरी, तळी, खाजने, पोयी. पाण्याची वाट आधी आणि झोन नंतर.

तीन. आराखडा झाल्यावर एकेका सर्व्हे नंबराचे दुरुस्तीचे दार बंद. चूक असेल तर ठरलेल्या वर्षी सगळ्या चुका एकत्र, ग्रामसभेत किंवा प्रभागात, त्या त्या लोकांच्या भाषेत वाचून दाखवून दुरुस्त करा.

चार. लोकप्रतिनिधीला शिफारस करायचा हक्क आहे, पण ती लेखी असू द्या आणि फाईलमध्ये लागू द्या. "साहेबांनी सांगितलंय" हा शेरा आजवर कुठल्याही टिपणीवर मी उमटलेला पाहिला नाही, आणि सगळ्यात जास्त कामे त्याच शेऱ्यावर होतात.

यातले एकही कलम खर्चाचे नाही, तंत्रज्ञानाचेही नाही. तरी ती होत नाहीत, कारण आराखडा सैल ठेवण्यात दोन्ही बाजूंची सोय आहे. आमदाराला देण्यासारखे काहीतरी हाती राहते आणि अधिकाऱ्याला "वरून आले" म्हणायची मोकळीक मिळते. गैरसोय होते ती फक्त गावाची.

महमूद गावानचा शेवट आठवा. त्याने जमिनीची मोजणी करवली. राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या आणि एका तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. सरदारांना हे सोसले नाही. फिरिश्ताने हकीकत दिली आहे की त्यांनी गावानच्या शिक्क्याचा रखवालदार फितवला, एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, आणि मग वरती ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. सुलतानाने चौकशी केली नाही. १४८१ साली गावानचे डोके उडाले आणि पुढच्या काही वर्षांतच बहमनी राज्याचे तुकडे झाले.

आधी शिक्का आणि मग मजकूर, ही पद्धत पाचशे वर्षांची जुनी आहे. आज आपल्या गावाचा आराखडा हाच तो कोरा कागद आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेची नोटीस आली की ती कपाटावर टाकू नका. जाऊन बसा, नकाशा मागा, तो भिंतीवर लावायला लावा आणि आपल्या पंचाला व आमदाराला सर्वांसमक्ष विचारा, या रंगाला तुमचे मत होय की नाही? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिणारा कारकून कुरकुर करील. करू द्या, आम्हाला त्याचाच पगार मिळतो.