‘अ‍ॅडमिन’ करून टाकलं, की झालं?

प्रोजेक्टचा बॅकअप रोज रात्री दोनला आपोआप निघावा म्हणून तुम्ही विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक टास्क लावता. सकाळी बघता तर फोल्डर रिकामं आणि समोर मेसेज, ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. मग ग्रुपमधला कुणीतरी हुशार सल्ला देतो, “अरे, ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक कर ना!” लिनक्सवाला असेल तर म्हणतो, “७७७ परमिशन दे, विषय संपव.” टास्क चालतोही. पण हा उपाय नव्हे, ही पळवाट आहे.

फार लांब जायला नको, आपल्या शेजारच्या न्हावा-शेवाला काय झालं ते बघा. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ हा मालवेअर जगभर पसरला. मर्स्क ही शिपिंग कंपनी त्यात सापडली आणि जेएनपीटीमधल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही कोलमडलं. पुढे मर्स्कला जगभरातले सुमारे ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. हा मालवेअर पसरला कसा? विंडोजमधली एक जुनी त्रुटी त्याने वापरलीच, पण एका मशीनच्या मेमरीत सापडलेले पासवर्ड उचलून, अ‍ॅडमिन अधिकार असलेल्या अकाउंटच्या नावाने तो दुसऱ्या मशीनवरही गेला. आणि मशीन साधारण तासाभराने रीस्टार्ट व्हावं म्हणून त्याने चक्क एक शेड्युल्ड टास्क लावला! वाटलेले जादा अधिकार असे दुसऱ्याच्या कामी येतात.

मग करायचं काय? आधी एकच प्रश्न विचारा : हा टास्क कुणाच्या नावाने चालतोय? हाताने चालवल्यावर स्क्रिप्ट चालते आणि रात्री अडते, तेव्हा बहुतेक वेळा अकाउंट वेगळं असतं. तुम्हाला दिसणारा नेटवर्कवरचा ‘झेड’ ड्राइव्ह त्या अकाउंटला दिसतच नाही, म्हणून पूर्ण पाथ लिहा. मध्यंतरी पासवर्ड बदलला असेल, तर टास्कमध्ये जुनाच सेव्ह राहिलेला असतो. लॅबच्या पीसीवर ‘लॉग ऑन अ‍ॅज अ बॅच जॉब’ हा हक्क तुमच्या अकाउंटला नसेल, तर लॅबच्या सरांना भेटा. परवानगी द्यायचीच, तर त्याच अकाउंटला आणि त्याच फोल्डरपुरती द्या. लिनक्सवर ७७७ म्हणजे वाचायची, बदलायची, चालवायची मुभा सगळ्यांनाच. तुमच्या क्रॉनमधल्या स्क्रिप्टला ७०० पुरतं, म्हणजे फक्त मालकाला.

“माझ्या लॅपटॉपवर असं काय सोनं आहे?” असं म्हणाल. आधारचा स्कॅन आहे, मार्कशीट आहेत, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आहेत. शिवाय सवय लॅपटॉपपुरती राहत नाही. उद्या ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीत इंटर्नशिपला गेलात, की हीच बोटं तिथल्या सर्व्हरवर चालणार.

सोसायटीचा वॉचमन गेटवर अडवतो, तेव्हा आपण फ्लॅट नंबर सांगतो. सगळ्या बिल्डिंगच्या चाव्या मागत नाही. पुढच्या वेळी ‘डिनाइड’ दिसलं, तर टिक करायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि तो मेसेज पूर्ण वाचा.