थांबणे कुणाला परवडते?

आमच्या नातीला या वर्षी मानसशास्त्राच्या बाईंनी एक वेगळाच गृहपाठ दिला. माणसाचे वागणे आणि समाजातली विषमता या विषयांवरचे सहा पॉडकास्ट ऐकायचे आणि प्रत्येकावर दोन पाने स्वतःचे विचार लिहायचे. पॉडकास्ट म्हणजे आमच्या पिढीच्या भाषेत रेडिओवरचे भाषणच. फरक इतकाच, की ते कांदा चिरताना किंवा बसमध्ये लोंबकळताना, आपल्या सवडीने ऐकता येते. शुद्धलेखन तपासायला वही माझ्याकडे आली. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता करता तिसऱ्या टिपणापाशी माझी लाल पेन्सिल थांबली, ती त्या दिवशी पुढे गेलीच नाही.

टिपण होते मार्शमॅलोच्या प्रयोगावर. मार्शमॅलो म्हणजे साखरेचा, कापसासारखा मऊ गोळा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिंग नावाची बालवाडी आहे. तिथे वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे खाऊ ठेवला. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, धीर धरवला नाही तर घंटा वाजव, मग एकच. पुढे ही मुले मोठी झाली आणि जी अधिक वेळ थांबली होती त्यांना महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत अधिक गुण पडल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. झाले! व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना आयती गोष्ट मिळाली. ज्याला थांबता येते तो वर जातो, ज्याला येत नाही तो खाली राहतो. विषमतेचा उलगडा एका गोळीत! बँकेतर्फे शाळांत बचतीवर बोलायला जात असे, तेव्हा मीही ही गोष्ट रंगवून सांगितली आहे.

पण पॉडकास्टवाल्यांनी गोष्ट तिथे संपवली नाही. सेलेस्ट किड या संशोधिकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अठ्ठावीस मुले घेतली. आधी त्यांना सांगितले, थांबलात तर याहून छान रंगखडू आणून देते. निम्म्या मुलांना ते आणून दिले, निम्म्यांना ‘माफ करा, संपले’ म्हणून सांगितले. मग तोच खाऊचा प्रयोग केला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचा विश्वासघात झाला होता ती तीन मिनिटांत संपली. मुले तशीच, खाऊ तोच; बदलला होता तो समोरच्या मोठ्या माणसाचा भरवसा. त्यानंतर २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा आणि पुढच्या शालेय यशाचा संबंध मूळ अभ्यासाच्या निम्माच निघाला; घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज जमेला धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग विरघळून गेला.

यावर आमच्या बाईसाहेबांनी लिहिले होते, ‘मी लहानपणी चॉकलेट आठवडाभर पुरवून खात असे आणि सगळे माझे कौतुक करत. पण आमच्या फ्रिजमधले चॉकलेट दुसरे कोणी घेणारच नव्हते. थांबायला मला काही खर्च नव्हता. थांबणे परवडावे लागते.’

‘परवडावे’ हा शब्द बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला चावतो.

१९९८-९९ चा सुमार. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत होतो. दिवाळीच्या आगेमागे निम्मी गावे ऊसतोडीला निघून जात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम आधीच उचल देतो, ती लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात जाते आणि मग सगळा हंगाम ती फेडण्यात. आमच्या टेबलावर यावर एकच भाष्य असे: उचल घ्यायची आणि उडवायची, या लोकांना उद्याचा विचारच नाही. चहा पिता पिता ते म्हटले जाई आणि म्हणणाऱ्यांत मी पुढे असे.

एका उन्हाळ्यात तोडीवरून परतलेली एक बाई कर्जाच्या चौकशीला आली. गाठीला थोडे पैसे होते. मी म्हटले, आधी वर्षभराची मुदत ठेव करा, कर्जाचे नंतर पाहू. ती म्हणाली, शेळ्या घेते. मी व्याजाचे गणित कागदावर मांडून दाखवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘सायेब, शेळ्या दिवसभर कुठं बी हिंडतेत, पर सांजच्याला घरी येतेत.’’

सगळी शाखा हसली. मी तिच्या अर्जावर शेरा मारला: अर्जदारास बचतीची सवय नाही.

दोन-तीन दिवसांनी शिपायाने सांगितले, की तिची दोन हंगामांची शिल्लक एका पतसंस्थेत बुडाली होती. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, त्या वेळी एक लाखापर्यंत होते आणि २०२० पासून ते पाच लाख झाले. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. हा फरक मला पाठ होता. तिला तो कुणी सांगितला नव्हता, मीही नाही. बचतीची सवय तिला होती, माझ्या खातेदारांपैकी अनेकांपेक्षा जास्तच. शेरा मी बदलला नाही. फाइल पुढे गेली होती, हे कारण तेव्हा पुरेसे वाटले.

वाचक विचारतील, मग संयम हा गुणच नाही का? आहे. दारूत उचल घालवणारे मी पाहिले आहेत, तसे ऐपत असून कर्ज बुडवणारे बंगलेवालेही पाहिले आहेत. त्यांच्या फाइलीत मात्र सवयीचा शेरा कुणी मारत नसे. नातीच्या पुढच्या टिपणात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांचा २०१३ चा अभ्यास आहे. तोडणीआधी, हात आखडलेले असताना, आकलनाच्या चाचण्यांत तेच शेतकरी मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर पुढे गेले. आम्ही कर्जाच्या मुलाखती बहुधा अडलेल्या वेळीच घेत असू. अडल्याशिवाय येतो कोण?

आता कबुलीचा उरलेला भाग. तो शेळ्यांचा प्रसंग मी पुढे एका कादंबरीत घातला, विनोदी म्हणून. वाचकांना आवडला, दोन-तीन पत्रेही आली. पतसंस्थेचा भाग मी त्यात घेतला नव्हता. प्रसंग लांबतो, असे स्वतःला सांगितले होते.

वही परत देताना मी हे सारे नातीला सांगितले. ती कादंबरी तिने वाचली आहे.

‘‘म्हणजे त्या बाई खऱ्या होत्या? नाना, मग त्यांना कर्ज मिळालं का पुढे?’’

मला सांगता आले नाही. त्याच जूनमध्ये माझी बदली झाली होती.