आतड्यातला नीरक्षीरविवेक

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्या भाषेत किती सहज रुळला आहे! २०२० साली कोरोनाची साथ आली आणि तो घराघरांत पोचला. काढे, चूर्णे, गोळ्या. जो तो प्रतिकारशक्ती ‘वाढवू’ लागला. मी कला शाखेचा विद्यार्थी. पेशी हा माझा प्रांत नव्हे, परंतु शब्द आहे, आणि या शब्दाविषयी माझी तक्रार आहे. तो अर्धेच सांगतो. प्रतिकार करणे हे या शक्तीचे निम्मे काम. प्रतिकार न करणे हे उरलेले निम्मे आणि, माझ्या मते, अधिक अवघड.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगी सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे या देहात घरधन्यापेक्षा पोटभाडेकरूच अधिक! त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात. त्यांच्या आणि आपल्या रक्तामांसाच्या मध्ये पेशींचा अवघा एक पदर. त्या पदरामागे पांढऱ्या पेशींचा फौजफाटा सदैव हजर. मग तेथे रोज लढाई का जुंपत नाही?

पहिली सोय कुंपणाची. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि मोठ्या आतड्यात त्याचा आतला भाग जवळजवळ जंतुविरहित राहतो. शिवाय रोज काही ग्रॅम प्रतिपिंडे आतड्यात सोडली जातात. ती जंतूंना मारण्यापेक्षा त्यांना चिकटून भिंतीपासून दूर ठेवतात. पण खरी मौज पुढेच आहे. फौजेतल्याच काही पेशींचे काम इतरांना आवरण्याचे असते. जपानमधील शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली अशा नियामक पेशी दाखवून दिल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्यांच्याशी निगडित जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक बिघडलेली मुले तान्हेपणीच तीव्र अतिसार, मधुमेह अशा व्याधींनी जर्जर होतात. बाहेरून शत्रू आलेला नसतो. स्वतःची फौजच उलटलेली असते.

उंदरांवरचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. या पेशी इतरांना शांत करण्यासाठी इंटरल्युकिन-१० नावाचे एक द्रव्य वापरतात. ते ज्यांच्या अंगी तयारच होत नाही अशा उंदरांच्या आतड्याला सूज येते, हे १९९३ साली दिसले. पुढे तसेच उंदीर संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तर सूज आली नाही! म्हणजे आगीला इंधन नेहमीच्याच जंतूंचे, पण दोष ती विझवणारे पाणी नसल्याचा. माणसांतील क्रोन्स डिसीजसारख्या आजारांतही हा तोल ढळलेला असतो.

आपण मात्र शाळेपासून पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक एवढेच शिकलो. ही उपमा जुनी आहे. जंतू गिळणाऱ्या पेशी दाखवून देणारे एली मेचनिकॉफ (१९०८ चे नोबेल) यांना त्यात संरक्षक दिसले. त्यांचेच विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. प्लेगच्या त्या दिवसांत लढाईची भाषा योग्यच होती. कॉलरा, विषमज्वर यांच्याशी आजही लढलेच पाहिजे. पण सारेच जंतू प्लेगचे नसतात.

आपण मालेगावचे म्हटले की परगावचा माणूस लगेच विचारतो, ‘नाशिककडचे का?’ मग ‘नाही हो, वाशीमचे’ हे सांगणे आलेच. ई. कोलाय या जंतूचेही असेच आहे. नाव एकच; त्यातले काही आतड्यात निमूट राहणारे, तर काही जीवघेणी हगवण लावणारे. नुसत्या नावावरून फैसला करून चालत नाही, एवढे शरीराला कळते. आपल्याला कळत नाही. सर्दी झाली की आपण दुकानातून दोन कॅप्सूल आणतो. सर्दी विषाणूंची, त्यांच्यावर ही प्रतिजैविके चालतच नाहीत. मरतात ती आतड्यातली रहिवासी मंडळी. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक आहे. परंतु मागणारे आपणच असू, तर कायदा किती पुरणार?

हे रहिवासी फुकट राहत नाहीत, हे विशेष. आपल्याला न पचलेला कोंडा आणि डाळींची टरफले ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे द्रव्य निघते, आणि ते नियामक पेशी वाढण्यास मदत करते, असे २०१३ मधील उंदरांवरील संशोधनातून दिसले. आपल्या वऱ्हाडात ज्वारीच्या शेतात सोयाबीन आले आणि ताटातली भाकर मागे पडली, याचा हिशेब कोणीतरी या अंगानेही मांडायला हवा. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांचे आतड्यातील जंतू तपासून २०१२ साली लेख प्रसिद्ध केला. वयाबरोबर ही वस्ती बदलते, असे त्यांना आढळले. माणसे दोनच कुटुंबांतली होती. वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या एकत्र कुटुंबात असे काम झाले तर मला फार आवडेल.

राहता राहिला शब्द. आवरणारी आणि मारणारी, दोन्ही बाजू सांगणारा मराठी शब्द मला सुचलेला नाही. मराठी विभागाच्या सरांनी आणि मॅडमनी यात लक्ष घालावे.