सांगवीकरांनो, दसऱ्याच्या आत गाड्या डांबरावरून खाली घ्या

सांगवीत राहणाऱ्या आणि कामानिमित्त सांगवीत येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याला हा जाहीर इशारा आहे. मुदत दसऱ्यापर्यंत. त्यानंतर बारामती-फलटण रस्त्याच्या डांबरावर उभी केलेली एकही गाडी खपवून घेणार नाही.

दसराच का, ते सांगतो. पुढे लगेच गळीत हंगाम. माळेगावचा कारखाना, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, नीरेपलीकडचे फलटण तालुक्यातले कारखाने. सगळ्यांची ऊस वाहतूक रात्रंदिवस चालते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर. मागच्या ट्रेलरचं चाक कुठून जातंय, हे चालकाला दिसत नाही. वळणावर तो ट्रेलर आतल्या बाजूनं कापत येतो आणि ऊस दोन्हीकडून हातभर बाहेर आलेला असतो. त्यात हँडल अडकलं की गाडी फरफटत जाते आणि तिच्याआड उभा असलेला माणूसही सापडतो. भरलेला ट्रॅक्टर ब्रेक दाबला म्हणून जागेवर थांबत नाही. ऊस आपलाच आहे, ट्रॅक्टर आपल्याच पोरांचे आहेत. हे कुणाला माहीत नाही?

तरीही टपरीसमोर एक गाडी लागते, तिला खेटून दुसरी, आणि तिसरा तर गाडीवर बसूनच गप्पा मारतो. "दोनच मिनिटं" हे उत्तर आता ऐकणार नाही. त्या दोन मिनिटांत शाळेची पोरं तुमच्या गाडीला वळसा घालून रस्त्याच्या मध्यावर जातात. तापलेल्या सायलेन्सरला लहान पोराची पोटरी चिकटली तर काय होतं, ते त्या पोराच्या आईला विचारा.

दूध घालायला येणाऱ्यांनी नीट ऐकावं. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन आणि गाडी साईड स्टँडवर, तीही पावसानं मऊ झालेल्या साईडपट्टीवर. चाळीस लिटरचा डावीकडचा कॅन आधी उतरवला की सगळं वजन उजवीकडे जातं आणि गाडी रस्त्याच्या बाजूला कलंडते. कॅन असतील तर डबल स्टँडच लावायचा, तोही घट्ट जमिनीवर. उतारावर गाडी गिअरमध्ये टाकायची, हँडल लॉक करायचं, चावी काढायची. चावी तशीच ठेवून गेलात आणि अल्पवयीन पोरानं गाडी पळवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे.

मला सर्वांत जास्त भीती रात्रीची वाटते. शेतीची लाईट रात्री येते, शेतकरी मोटार चालू करायला निघतो आणि अंधारात गाडी बांधाला लावतो. पुढचं चाक गवतात, मागचं डांबरावर. मागचा लाल दिवा चिखलानं माखलेला. समोरून येणाऱ्याच्या लाईटनं डोळे दिपलेले असताना ते चाक कुणालाही दिसणार नाही. मोटार चालू करायला जाणारा शेतकरी आणि त्याच्या गाडीवर येऊन आदळणारा, दोघंही याच शिवारातले असणार. गाडी पूर्ण आत घ्या. बांध अरुंद असेल तर पुढं जाऊन लावा आणि चालत या. मागच्या मडगार्डवर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा.

कायदा स्पष्ट आहे. 2017 च्या वाहनचालन नियमांनुसार चौकाच्या अलीकडे-पलीकडे 50 मीटरपर्यंत गाडी लावता येत नाही. धोकादायक जागी गाडी सोडणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 खाली गुन्हा आहे आणि मनाई असलेल्या जागेवरून पोलीस ती उचलून नेऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 नुसार 5,000 रुपयांपर्यंत दंड होतो.

ग्रामपंचायतीलाही हाच इशारा. लोकांनी गाड्या लावायच्या कुठं, हे तुम्ही दाखवायला हवं. दसऱ्याआधी जागा ठरवा, मुरूम टाकून दाबून घ्या, पट्टे मारा. रस्त्यावरचे अडथळे हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नं तुम्हाला दिला आहे. तो वापरला नाही तर 2 ऑक्टोबर असो वा 26 जानेवारी, प्रत्येक ग्रामसभेत उभा राहून लेखी जाब विचारीन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून डांबरावर दिसणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबरप्लेटसह फोटो, वेळ आणि जागा लिहून, पोलिसांकडे जाईल. तक्रारीखाली माझी सही असेल. भावकीतला आहे, सोयरा आहे, पुढारी आहे म्हणून एकही फोटो मागं घेणार नाही. त्यासाठी कुणी घरी येऊ नये.