खडशी मासा ओळखा, डोह राखा

मिरजगांवच्या शेतकऱ्यास माशांच्या जाती ओळखण्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सीना नदींतच आहे. सीना भीमेस मिळते; आणि साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें 1839 मध्यें दख्खनच्या माशांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांतील खडशी ऊर्फ महाशीर हा भीमेच्याच खोऱ्यांतील, मुळा-मुठेचा होता.

रक्षण करावयाचें तर प्रथम ओळख पटली पाहिजे. सायप्रिनसासही मोठे खवले व चार मिशा असतात. परंतु त्याच्या पाठीवरील पर लांबवर शेपटीकडे पसरलेला असतो, खडशीचा आंखूड असतो. रोहूचे खवले त्याहून बारीक, आणि कटल्यास मिशाच नसतात.

ओळख न पटल्यानें काय अनर्थ होतो, तें कावेरींत दिसलें. तेथील कुबड्या महाशीराचें शास्त्रीय नांव 2018 पर्यंत निश्चित झालें नव्हतें; तें झालें त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. त्याच्या ऱ्हासास बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महाशीर, म्हणजे आपलाच खडशी, कांहीं अंशीं कारण झाला असें अभ्यासक सांगतात. तात्पर्य, एका नदीचें बीज दुसरींत सोडणें हें रक्षण नव्हे.

खडशीस स्वच्छ वाहतें पाणी, गोट्यांचा तळ व उन्हाळ्यांत आश्रयास खोल डोह लागतो. सुरुंग व विष यांनीं मासे मारणें 1897 च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. पण डोह मोटारीनें तळापर्यंत उपसणें आणि औषधाचे पंप त्यांत धुणें, हीं कामें आपल्याच हातचीं आहेत.

कर्जत तालुका अवर्षणाचा. फळबाग वाळत असतां डोहांतील पाणी माशांस राखा, हें सांगणें जड आहे. म्हणून मागणें थोडकेंच आहे: नदीकांठच्या प्रत्येक गांवानें एकच डोह निवडावा, आणि फाल्गुनापासून पहिल्या पुरापर्यंत त्यांत जाळें वा मोटार टाकूं नये. महाड तालुक्यांतील वाळणकोंडीस व वाडा तालुक्यांतील तिळसें येथें लोकांनीं देवाच्या नांवानें डोह राखले, आणि महाशीर तेथें टिकून राहिला. आपल्या डोहांत आज खडशी असो वा नसो, इतर देशी मासे तरी त्यांत तगतील. जें तेथें श्रद्धेनें साधलें, तें येथें ग्रामसभेच्या ठरावानें कां साधूं नये?