गिअरची सायकल आणि फाट्यावरचा मिस्त्री

शहरातली मंडळी हल्ली सायकलीने पंढरपूर, कोकण, पार गोव्यापर्यंत जातात. चांगलंच आहे. पण वाटेत सायकल बिघडली की "खेड्यात काही मिळत नाही" म्हणून नाक मुरडतात, ते पटत नाही.

फाट्यावरच्या मिस्त्रीकडे २८ बाय दीडचे टायर-ट्यूब असते, कारण गावाची सायकल तीच. ७०० सी मापाची ट्यूब त्याने कुणासाठी भरून ठेवायची? अशा सायकलींचा वॉल्व्ह बहुधा बारीक, गावचा पंप त्याला बसत नाही. बोटाच्या पेराएवढे पितळी अॅडॉप्टर खिशात ठेवले की भागते. जादा ट्यूब, साखळीची जोडकडी आणि मागचा गिअर अडकवायचा हँगर (तो फ्रेमगणिक वेगळा) घरूनच न्यावा. वस्तू तुमची, हात त्याचा. वाकड्या चाकाचा आउट तो नजरेने काढतो, आणि वर मजुरीत घासाघीस कसली करता?

मोटारसायकली आल्या आणि ही दुकाने बसली. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या; गावोगाव फिरताना त्यातल्या काही पंक्चर होऊन गोठ्यात टेकलेल्या दिसतात. दुरुस्तीला तालुक्याला कोण नेणार? प्रवाशांच्या चार पैशांवर मिस्त्री टिकला तर त्या पोरींचीही सोय होते. त्याला गिअरचे काम कुणीतरी शिकवायला हवे. पंचायत समितीने पाने आणि उभा पंप घेऊन द्यावा. खर्च एका फवारणी पंपाच्या फार पुढे जाणार नाही.